मारव्यातील हुरहूर श्रोत्यापर्यंत पोहोचते कशी?

आलापी (प्रश्न)

मी काही वर्षांपासून ख्यालगायन शिकत आहे आणि सध्या मारवा रागाची तालीम चालू आहे. माझे स्वर तंबोऱ्याशी मिळतात, चलनही (रागाची ठरावीक स्वरवाटचाल) पाठ आहे. तरीही "स्वर लागले, पण मारवा दिसला नाही" असे गुरुजी वारंवार सांगतात. विलंबित (संथ लयीच्या) ख्यालाचे शब्द मुळात दोन-चार ओळींचे असतात आणि आलापीत (रागाच्या संथ स्वरविस्तारात) त्यांचा अर्थ जवळजवळ विरून जातो. असे असूनही उत्तम मारवा ऐकताना मनाला जी हुरहूर लागते, ती नेमकी कशातून येते? ती आधी गाणाऱ्याच्या मनात असावी लागते का? मारवा गाण्यापूर्वी मी खिन्न व्हावे, अशी अपेक्षा आहे का?

खर्ज

रागाचा भाव केवळ स्वरांच्या निवडीत असता, तर भूप आणि देशकार हे राग एकच ठरले असते, कारण दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूप गंधारावर (ग) विसावतो आणि पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या भागात) फुलतो, तर देशकार धैवताला (ध) धरून उत्तरांगात (वरच्या भागात) राहतो; एवढ्याने एक सायंकाळचा शांत राग होतो आणि दुसरा सकाळचा प्रफुल्ल. दरबारी आणि अडाणा यांचेही तसेच आहे. दरबारीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा किंचित उतरलेला, संथ आंदोलनाचा (हेलकाव्याचा), आणि विस्तार बराचसा मंद्रात (खालच्या सप्तकात). अडाण्यात ते आंदोलन जाते, गायक तार षड्जाभोवती (वरच्या 'सा'भोवती) वावरतो आणि दरबारीचे गांभीर्य ओसरून चपळाई येते.

आता मारव्याकडे वळू. तंबोऱ्यातून षड्ज अखंड झरत असतो आणि मारव्याचा वादी (मुख्य स्वर) असलेला कोमल रिषभ (रे) त्याला इतका लगटून असतो, की दोन्ही एकत्र ऐकताना कानाला घर्षण जाणवते. त्यात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे मध्ये टेकायला जागा नाही. जाणता गायक 'ध़ नि़ रे', 'नि़ रे ग' अशा संगतींतून षड्जाला वळसा घालत राहतो आणि श्रोत्याचा कान मात्र सतत षड्जाची वाट पाहत असतो. या लांबवलेल्या प्रतीक्षेलाच आपण हुरहूर म्हणतो, असे माझे मत आहे. हेच सहा स्वर पूरियात गंधार-निषादाच्या आधाराने स्थिरावतात आणि सोहनीत तार सप्तकात चमकतात. तेथे ही हुरहूर राहत नाही.

आपल्या गुरुजींच्या बोलण्याचा रोख बहुधा येथेच असावा. गंधारावरून मींडेने (नाद न तोडता घसरत) रिषभावर या, त्याची आस (लांबत राहणारा नाद) श्वास पुरेल तोवर टिकवा आणि लगेच षड्जावर उतरू नका. नवीन विद्यार्थी रिषभ लावला की तो सुरात आहे याची खातरजमा करण्यासाठी तत्काळ षड्ज गाठतो. तेवढ्यात सारा ताण निवून जातो आणि श्रोत्याला वाट पाहण्यासारखे काही उरत नाही.

मंद्रसप्तक

खर्ज यांनी स्वरांची बाजू नेमकेपणाने मांडली आहे, परंतु गाणाऱ्याचे मन त्यातून वगळता येईल असे मला वाटत नाही. त्याच जागा, त्याच क्रमाने, दोन गायकांनी घेतल्या तरी एकाच्या रिषभाने आपण हलतो आणि दुसऱ्याच्या रिषभाने हलत नाही. किशोरी आमोणकर जयपूर-अत्रौली घराण्याच्या तालमीत घडल्या. त्या घराण्याचे वैभव अनवट रागांत आणि लयीशी गुंतलेल्या पेचदार तानांत. तरीही रागाचे भावविश्व उभे करणे त्यांनी सर्वोपरी मानले, आलापीला अवकाश दिला आणि रागरसाविषयी स्वतंत्र ग्रंथही लिहिला.

मात्र खिन्न व्हावे का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. खरे दुःख दाटून आले की गळा भरतो, श्वास तोकडा पडतो आणि स्वर कापतो. त्या अवस्थेत विलंबित लयीत आस टिकणेच शक्य नाही. काश्मीरचे रसशास्त्रज्ञ अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाचा (भाव एकट्याचा न राहता सर्वांचा होण्याचा) विचार विशद करताना रस हा कोणा एका व्यक्तीच्या सुखदुःखाशी बांधलेला नसतो, असे मांडले आहे. नाट्याविषयीचा तो विचार गायकालाही लागू पडतो, असे मी मानतो. गाताना लक्ष स्वतःच्या दुःखाकडे न ठेवता रिषभ काय मागतो आहे याकडे ठेवावे. किती वेळ थांबायचे, आवाज कोठे हलका करायचा, कणस्वर (ओझरता लागणारा शेजारचा स्वर) किती स्पर्शाने घ्यायचा, हे त्या लक्षातूनच ठरत जाते.

आलापी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. परंतु षड्जाची वाट पाहणारा कान तर घडलेला कान झाला. ज्याने हे संगीत कधीच ऐकलेले नाही, त्याच्यापर्यंत काय पोहोचते?

श्रुतिधर

या प्रश्नाचा प्रत्यक्ष अभ्यास झालेला आहे. १९९९ मध्ये बाल्कविल आणि थॉम्पसन या संशोधकांनी आपल्या रागसंगीताशी परिचय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्तानी रागांचे अंश ऐकवले. त्यांना आनंद, दुःख आणि क्रोध हे अभिप्रेत भाव बऱ्याच अंशी ओळखता आले. लय जलद आहे की संथ, स्वररचना सरळ आहे की गुंतागुंतीची, अशा खुणांचा त्यांना आधार मिळाला. बोलतानाही दुःखी माणूस सावकाश आणि हळू आवाजात बोलतो, त्यामुळे या खुणा कोणत्याही भाषेच्या माणसाला उमगाव्यात हे स्वाभाविक आहे. शांत भाव मात्र त्यांना तितकासा ओळखता आला नाही.

मला हा शेवटचा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. संथ लय आणि हळुवार आवाज हे करुणाचेही लक्षण आहे आणि शांताचेही. बाहेरच्या खुणांवरून त्यांतील भेद कळत नाही. तो कळतो स्वर कोठे विसावतो यावरून, आणि विसावा ओळखण्यासाठी त्या रागाचे घर कानाला ठाऊक असावे लागते. म्हणून नवख्या श्रोत्याला आपल्या मारव्यातून उदासीचा सर्वसाधारण रंग मिळेल. रिषभावरचा थांबा आणि लांबणीवर पडलेला षड्ज मात्र त्यालाच जाणवेल, ज्याने राग पुष्कळ ऐकले आहेत.