तुमच्या लग्नात दोन तासांचा फोटोग्राफर, मग आमच्या लग्नात तीन दिवसांचा काहून?

बर्डीवरची सून
परवा एका वेडिंग फोटोग्राफर ताईंची पोस्ट फिरत होती. नऊ वर्षं लोकांची लग्नं काढली, आता डिसेंबरात स्वतःचं, वर्धा रोडच्या लॉनवर. त्यात एकच फोटोग्राफर, तोही दोन तास. अंतरपाट ते सप्तपदी, बस्स. प्री-वेडिंग नाही, संगीतला कॅमेरा नाही, ड्रोन नाही. का, तर "बाकीचं मला डोळ्यांनी बघायचंय." खाली नुसते बदामच बदाम.

मला त्या वाक्याचा राग आला. 2022 ला माझ्या लग्नात अशाच एका ताईंनी (ह्या नव्हेत) तीन दिवसांचं पॅकेज गळ्यात मारलं. "हळदीला सिनेमॅटिक नसेल तर नंतर पस्तावाल हं!" बाबांनी पीएफ काढून 1 लाख 85 हजार मोजले. प्री-वेडिंगसाठी एप्रिलच्या उन्हात रामटेक चढवलं, निम्मा मेकअप पायऱ्यांवरच राहिला. हळदीचा व्हिडिओ मी आजवर दोनदा लावला. त्यातला एकदा पेनड्राइव्ह चालतो का बघायला. डोळ्यांनी बघायची सोय आमच्यासाठी नव्हती का? हलवाईच आपल्या घरी पेढे नेत नसेल तर गिऱ्हाइकानं काय समजायचं?

दोन बॉडी एक पाठ
याच धंद्यात आहे, म्हणून लिहितो. विकलं म्हणता, पण मागतं कोण? पार्टी येते तीच मोबाईलवर चाळीस रील घेऊन. "आम्हाला सेम टू सेम पाहिजे." मी नाही म्हटलं तर शेजारचा हो म्हणतो.

आणि तिला दोन तास पुरतात, कारण तिला कामाची जाण आहे. नागपुरात डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य बुडतो. पुण्याचे पाहुणे गोरज म्हणून सहाला नवरी बाहेर काढतात, तेव्हा अंधार. ती मुहूर्तच चारच्या आत धरेल. स्टेजवरचे जांभळे पार लाइट, म्हणजे ते रंगीत झोताचे दिवे, आधी बंद करायला लावेल, नाहीतर नवरदेव वांग्यासारखा येतो. अक्षता टाकताना मामांनी कुठं उभं राहायचं हे आदल्या दिवशी सांगेल. तुमच्याकडे 11:40 चा मुहूर्त सव्वाला लागतो. दोन तासांत काय टिपू, रुखवत?

बर्डीवरची सून
एवढं सगळं माहीत होतं ना? मग पॅकेज विकताना यातलं एक तरी वाक्य बोलायचं.

वऱ्हाडी ठेचा
ते दोन तास अन् तीन दिवस राहू द्या बाप्पा. माया भावाच्या लग्नाले आठ महिने झाले, डाटा नाही भेटला अजून. पहिले म्हणे फोटो निवडा. सहा हजारातून दोनशे निवडले, वहिनीचे डोळे गेले. मंग म्हणे हार्डडिस्क आणून द्या. दिली. आता रॉ मांगतले त म्हणते पंधरा हजार अलग. लग्न आमचं, पैसे आमचे, अन् फोटो त्याच्या बापाचे?

दोन बॉडी एक पाठ
रॉ म्हणजे कच्चा माल, कॅमेऱ्यातून निघालेली एडिट न केलेली फाइल. सावजीत रस्सा खाऊन झाल्यावर वाटलेला मसाला घरी मागता का?

कोर्टाची पायरी
मसाला बाजूला ठेवा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्याची पहिली मालकी काढून घेणाऱ्याची. म्हणजे गिऱ्हाइकाची. रॉ फाइल हातात दिलीच पाहिजे असं मात्र त्यात नाही, ते ठरवून घ्यावं लागतं. पण तुमच्या बहिणीच्या बिदाईचं रडणं न विचारता आपल्या पेजवर टाकणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

दोन बॉडी एक पाठ
आमच्या कोटेशनमध्ये मागच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं, वकीलसाहेब.

वऱ्हाडी ठेचा
कोटेशन व्हॉट्सअपवर आलतं. त्याले मागचं पान कुठून आलं बे?

दोन बॉडी एक पाठ
बे-बिट करू नका. माझे तीन पार्ट्यांकडे मिळून नव्वद हजार अडकले आहेत. मांडव उतरला की मुलीचे वडील फोन उचलत नाहीत. पहाटे सहापासून सत्तर-दोनशेची जड लेन्स गळ्यात घेऊन उभा असतो, रात्री साडेअकराला ताट घ्यायला गेलो तर केटररवाला म्हणतो कूपन दाखवा. तेव्हा कलम सतरा कुठं असतं? बॅलन्स द्या, डाटा न्या. सोपं आहे.

वऱ्हाडी ठेचा
आमचा पूर्ण पेमेंट झाला आहे. पावती टाकू काय इथं?

पांढरी साडी
आमचं बौद्ध पद्धतीनं झालं. मुहूर्त नाही, त्रिसरण-पंचशील, प्रतिज्ञा, हार; पाऊण तासात मोकळे. तरी कोटेशनमध्ये "सर्व विधी कव्हरेज". विचारलं कुठले विधी, तर गप्प. बरं, पांढरी साडी भर दुपारी लॉनवर काढायचं जमलंच नाही. काठ, नक्षी सगळं उडालं, नुसता चुना दिसतो. सहा जण कॅमेरे घेऊन फिरत होते. मला एकच हवा होता, उजेड कळणारा. म्हणून त्या ताईंचं पटतं. बाकी हळद-संगीत आता आमच्याकडेही शिरलंय, तो दोष फोटोग्राफरवर टाकत नाही.

महालातले काका
1987. छत्तीसचे दोन रोल, एक फोटोग्राफर. अंतरपाटाचा रोल धुताना गेला. उरला तो पंगतीचा. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये बुंदी आहे, आग्रह करणारे व्याही आहेत, पातळभाजीची बादली आहे. आम्ही दोघं नाही. सौ. अजून म्हणते, पुरावा काय आपल्या लग्नाचा? त्या मुलीला सांगा, दोन माणसं ठेव.

मीच ती पोस्टवाली
काका, कॅमेऱ्यात आता दोन कार्डं असतात, दोन्हीत एकदमच उतरतं. पण तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, हे कबूल.

बर्डीच्या ताई, मीही विकलंय. "पस्तावाल" हा शब्द माझ्याही तोंडी होता. हळद लावायला पुढे आलेल्या आजींना "आजी, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय" मीच म्हटलंय, एकदा नाही. नवऱ्या संगीतला नाचत नाहीत, रिटेक देतात, आणि ते रिटेक मीच मागितलेत. म्हणून मला नको. तुम्ही याला ढोंग म्हणा, चालेल. पण दोन तासांचं पॅकेज ठेवलं तर तुम्ही तरी घेतलं असतं का?

बर्डीवरची सून
मी घेतलं असतं. सासूबाईंनी घेऊ दिलं नसतं, हे तेवढं खरं. लगेच जिंकल्यासारखं करू नका.

मीच ती पोस्टवाली
जिंकते कशाची! माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी परस्पर ड्रोनवाला सांगितला होता. लॉन विमानतळाजवळ, तिथं परवानगीशिवाय उडवता येत नाही, असं 2021 च्या नियमांचा कागद दाखवून थांबवलं. तर म्हणाल्या, ठीक आहे, मग क्रेन सांगते.

बर्डीवरची सून
क्रेनवाल्यानं किती सांगितले? सहज विचारते.

मीच ती पोस्टवाली
दोन तासांचं करत नाही म्हणाला. तीन दिवसांचं पॅकेज आहे.