मागची डिकी वर उचलून धरणारे दोन बाजूंचे गॅसचे शॉकर गेलेत, थंडीत डिकी सरळ डोक्यावर येते. जोडी बदलायची की एकच?

लष्करकर_ग्वाल्हेर

नमस्कार मंडळी. गाडी सात सीटर आहे, ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सला सूट होती त्या वर्षी घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे कोणती गाडी बरी यावरच भांडत बसतील.

तर मागची डिकी उघडली की वर जाते पण थांबत नाही, हळूहळू खाली यायला लागते, आणि गेल्या काही दिवसांत सकाळच्या थंडीत तर हळूहळू पण नाही, सरळ येते. परवा तानसेन समारोहासाठी हजीऱ्याकडे तानपुरे पोचवायचे होते, बाबा आत वाकून भोपळ्याखाली गादी सरकवत होते आणि डिकी निघाली खाली, मी खांद्यावर झेलली म्हणून बरं. बाबांनी वर बघून पहिलं विचारलं ते "भोपळ्याला लागलं का?" स्वतःच्या डोक्याचं त्यांना काही नाही.

गंमत म्हणजे मे-जूनमध्ये हीच डिकी व्यवस्थित उभी राहत होती. उजव्या शॉकरच्या दांडीवर तेलकट धूळ बसलेली दिसते, डावा वरून कोरडा आहे. एक मिस्त्री म्हणतो उजवा तेवढा बदला. दुसरा म्हणतो नवा कशाला, मी गॅस भरून देतो, स्वस्तात काम होईल. सर्व्हिस सेंटरने जोडीचा जो भाव सांगितला तो ऐकून मी चहा न पिताच परत आलो. ऑनलाइन निम्म्या भावात दिसतात पण कुठे नुसती लांबी दिलीये, कुठे नुसतं "सर्व मॉडेलला चालेल". घरी बदलता येतं का? आणि हे थंडीचं काय प्रकरण आहे?

इंदुरी_पाना

भाऊ, थंडीचं प्रकरण साधं आहे. शॉकरच्या नळीत नायट्रोजन भरलेला असतो, दाबाखाली, आणि थोडंसं तेल. गॅस गार झाला की दाब कमी होतो. शॉकरवर जो आकडा छापलेला असतो तो २० डिग्रीचा असतो. समजा ४०० न्यूटनचा आहे (न्यूटन म्हणजे जोराचं माप, दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर), तर तुमच्या ग्वाल्हेरच्या ५ डिग्रीत तो ३८० वर येतो आणि मेच्या ४५ डिग्रीत ४३५ च्या घरात जातो. म्हणजे एका बाजूला साडेपाच किलोच्या जोराचा फरक, दोन्ही मिळून अकरा. नव्या जोडीत हे कळत पण नाही कारण कंपनीने एवढी गुंजाइश ठेवलेली असते, जुन्यात गॅस आधीच झिरपलेला असतो म्हणून डिसेंबर आला की पितळ उघडं पडतं. तुमचे शॉकर उन्हाळ्यातच अर्धे गेलेले होते, गरमीने झाकून ठेवलं इतकंच.

तेलकट धूळ म्हणजे सील गेलं, दांडीभोवतीची गॅस-तेल अडवणारी रबरी कडी. डावा कोरडा दिसतो म्हणून तो चांगला असं नाही, गॅस तेल न दाखवता पण निघून जातो. जोडीच बदला. एक नवा एक जुना ठेवला की डिकी एका बाजूने ढकलली जाते, बिजागरीला पीळ बसतो आणि मग लॉक बरोबर बसत नाही ती वेगळी कटकट.

आणि गॅस भरणाऱ्याकडे चुकून पण जाऊ नका. ८ एमएमची दांडी आणि ४०० न्यूटन धरलं तर आत ८० बारच्या आसपास दाब बसतो, तुमच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच असतो. आणि हा भाऊ त्या नळीला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवणार. ही नळी बनवतानाच कायमची बंद केलेली असते, ती उघडून भरायची वस्तूच नाही.

बडोद्याचे_नाना

वरच्यांनी बरोबर सांगितलंय. मी मकरपुऱ्याला जीआयडीसीत हायड्रॉलिकच्या कामात होतो, आता रिटायर. घरी बदलता येतं, पण एकदम शांतीने करायचं, घाई नको.

आधी माल बरोबर आणा. जुन्या नळीवरचं स्टिकर ओल्या फडक्याने पुसा, त्यावर न्यूटनचा आकडा असतो, बहुतेक आकड्यापुढे एन लिहिलेलं. स्टिकर उडालं असेल तर पार्ट नंबर शोधा, तोही नसेल तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या, तिथूनच घ्यायला पाहिजे असं काही नाही. मग पूर्ण उघड्या शॉकरची लांबी मोजा, शॉकरची टोकं गाडीवरच्या ज्या दोन गोळ्यांवर बसतात, त्यातल्या एका गोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. नंतर दांडी किती आत जाते तो स्ट्रोक. आणि टोकाची वाटी कोणत्या मापाच्या गोळ्यावर बसते ते, बऱ्याच गाड्यांत १० एमएमचा गोळा असतो पण मोजून घ्या. या चारांतलं एक जरी जमलं नाही तर घेऊ नका. "सर्व मॉडेलला चालेल" वाल्याला लांबूनच नमस्कार करा.

बसवताना डिकी पूर्ण वर, आणि दुसरा माणूस धरून उभा पाहिजे. दांडा टेकवून भागतं असं लोक म्हणतात, पण दांडा सरकला की काय होतं ते तुम्ही परवा बघितलंच. वाटीच्या बाहेर एक स्प्रिंगची पट्टी दिसेल, तिच्याखाली बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर घालून जराशी उचलायची, दोन-तीन एमएम बस, आणि शॉकर गोळ्यावरून आपल्याकडे ओढायचा. पट्टी पूर्ण उपटली तर ती टण्णकन उडून कुठे जाईल देव जाणे. आधी एक बाजू पूर्ण करा, मगच दुसरीला हात लावा. नवा बसवताना वाटी गोळ्यावर ठेवून तळहाताने दाबा, टक् असा आवाज आला पाहिजे, नंतर ओढून बघा.

नळी वर आणि दांडी खाली राहिली पाहिजे, म्हणजे तेल सीलपाशी राहतं, सील सुकत नाही आणि डिकी वर पोचताना शेवटी धाडकन आपटत नाही. जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कंपनीने जसा लावलाय तसाच लावायचा.

लष्करकर_ग्वाल्हेर

नाना, इंदूरचे भाऊ, फार आभार. स्टिकर पुसलं, ४२० निघाला. आता दुकानदार म्हणतो ४२० चा लगेच नाही, ५०० चा घ्या, जास्त मजबूत, थंडीत पण कुरकुर नाही. घेऊ का?

मुरारची_मीनल

अजिबात नको! आमच्याकडे आधीच्या मालकाने असाच जास्त ताकदीचा लावून ठेवला होता. डिकीचं बटण दाबलं की ती एवढ्या जोरात वर जायची की एकदा शेजारच्या काकांचा चष्मा गेला, आणि बंद करताना मला लटकावं लागायचं, अक्षरशः. मग दोन्ही बाजूंना गोळा जिथे बसतो तिथल्या पत्र्याला बारीक चीर दिसायला लागली. ८० न्यूटन जास्त म्हणजे एका बाजूला आठ किलोचा जोर, तो रोज त्याच चार इंच पत्र्यावर पडणार. ४२० चाच मागवा, आठवडा लागला तर लागू दे.

तोपर्यंतचा उपाय सांगते. पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, डिकी पूर्ण उघडल्यावर जेवढी दांडी बाहेर दिसते तेवढाच लांब, उभा चिरून घ्या आणि दांडीवर चढवा. मग शॉकर आत जाऊच शकत नाही, डिकी जागच्या जागी. बंद करताना काढायला विसरू नका एवढंच. काही लोक दांडीवर होज क्लिप आवळतात नाहीतर व्हाइस ग्रिप लावतात, ते करू नका, दांडीवर ओरखडा पडला की तोच सील फाडतो. म्हणूनच नवीन बसवताना पण दांडीला पक्कड लावायची नाही, तेल-ग्रीसपण नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं.

अजून एक विचारायचं होतं, डिकीवर वरून स्पॉयलर बसवलाय का? किंवा मागच्या काचेवर जाळी वगैरे? तसं असेल तर त्या वजनाने ४२० पण कमी वाटू शकतो आणि दोष शॉकरचा नसतो.

लष्करकर_ग्वाल्हेर

स्पॉयलर आहे ना ताई, घेतानाच डीलरने फुकट म्हणून लावून दिला होता. काढतो नाही, बाबांना आवडतो तो. पाइप आजच दौलतगंजातून आणतो.

इंदुरी_पाना

हलका प्लास्टिकचा असेल तर फार फरक पडत नाही. नव्या जोडीवर सकाळच्या थंडीत बघा, डिकी अर्ध्यात सोडली तर वर जाते का. गेली तर स्पॉयलर विसरा.

आणि नाना, एक राहिलं, जुन्यांचं काय करायचं? आमच्याकडे भंगारवाला घेतो पण आधी विचारतो यात काही आहे का.

बडोद्याचे_नाना

आहे म्हणून सांगा त्याला. ढिला झालेला शॉकरसुद्धा रिकामा नसतो, डिकी उचलायला कमी पडतो इतकंच, आत दाब भरपूर असतो. करवत, ड्रिल, वेल्डिंग, शेकोटी, काहीही लावायचं नाही. मी मार्करने "गॅस, कापू नये" असं लिहून देतो आणि दोन्ही टेपने एकत्र बांधतो. लष्करकर, तुम्ही पण शेकोटीच्या लाकडांजवळ ठेवू नका बरं, तुमच्याकडे थंडीत रोज पेटते असं ऐकतो.