ऑनलाइन गाण्याच्या क्लासात तंबोरा गायब होतो, मदत हवी आहे

मिरजेत गाण्याचा क्लास घेते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये नाइलाजाने ऑनलाइन सुरू केला, तो अजून चालूच आहे. सात मुली आहेत. दोघी पुण्यात, एक न्यू जर्सीत, त्यामुळे बंद करणं जमत नाही.

अडचण अशी की मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून लॅपटॉपशेजारी ठेवते. पहिले चार-पाच सेकंद मुलींना तंबोरा ऐकू जातो, मग विरत विरत नाहीसा. मी षड्ज लांबवला तर तोही तुटक पोचतो म्हणे. तंबोरे जिथे बनतात त्या गावात बसून ही गत!

शिवाय सगळ्यांना एकदम पलटे (स्वरांचे सराव) म्हणायला लावले की नुसता बाजार भरतो. घरी फायबर आहे, नेट उत्तम चालतं. आणि तासाभराच्या क्लाससाठी पैसे भरावेच लागतात का?

प्रतिसाद १
नेटचा दोष नाही. ही व्हिडिओ कॉलची अ‍ॅपं बोलण्यासाठी बनवलेली. न थांबता एकसुरात चाललेला आवाज त्यांना पंख्याची घरघर वाटते, म्हणून गाळून टाकतात. झूम वापरत असाल तर ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' निवडा. मीटिंगमध्येही ते बटण चालू करावं लागतं, हे हमखास विसरतं. एको कॅन्सलेशन (आवाजाचा पडसाद काढणारी सोय) बंद ठेवलंत तर हेडफोन लावा, नाहीतर तुमचाच आवाज फिरून येईल.

प्रतिसाद २
एकदम म्हणणं विसरा, ताई. प्रत्येकीचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो, लय जुळणारच नाही. मी तबला शिकवतो. सगळ्यांना म्यूट करून माझ्याबरोबर वाजवायला लावतो, मग एकेकाला अनम्यूट. तंबोरा मुलींनाही आपापल्या घरी लावू दे, पट्टी काळी चार की काळी पाच ते ठरवून.
वेळेचं म्हणाल तर झूमच्या फुकट खात्यात ४० मिनिटं, गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असतील तर ६०. मीटवर एकटीला शिकवायचं असेल तर २४ तास, तेवढा रियाज कोण करतंय!

धागाकर्ती
दोघांचेही आभार. काल ओरिजिनल साउंड लावून पाहिलं, तंबोरा तासभर टिकला. म्यूटची युक्तीही चालली. फक्त आता खालच्या दुकानाचं शटर आणि आमच्या कुकरच्या शिट्ट्या थेट न्यू जर्सीपर्यंत जातायत. याला काही उपाय?