डिझेलचा वापर किलोवरून लिटरमध्ये काढताना मीटर आणि टाकी यांत रोज १४ लिटरांचा फरक का येतो?

प्रश्न : शीतगृहचालक

नमस्कार. निफाड तालुक्यातील द्राक्षांच्या एका शीतगृहात डिझेल जनरेटरची देखभाल माझ्याकडे आहे. सध्या तो रोज ८ तास, साधारण १०० किलोवॅटच्या स्थिर भारावर चालतो. इंजिनाच्या माहितीपत्रकात इंधनाचा वापर २१२ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास दिला आहे, म्हणजे ताशी २१.२ किलो. पंपाच्या बिलावर घनता ८३२ किलो प्रति घनमीटर अशी छापलेली असते. त्या हिशेबाने ताशी २५.५ लिटर आणि ८ तासांचे २०४ लिटर होतात.

इंजिनाकडे जाणाऱ्या आणि टाकीकडे परतणाऱ्या नळीवर एकेक फ्लो मीटर आहे. पहिला ताशी १२० लिटर दाखवतो, दुसरा ९४, म्हणजे वापर २६ लिटर आणि दिवसाचे २०८. हा आकडा माहितीपत्रकाशी चांगलाच जुळतो. परंतु रोज सकाळी जनरेटर सुरू करण्यापूर्वी डिपस्टिकने टाकी मोजली, की आदल्या दिवशीचे २२२ लिटर गेलेले दिसतात. या १४ लिटरांवरून आमच्या ऑपरेटरवर डिझेलचोरीचा संशय घेतला जात आहे. त्याचे काम मी अनेक वर्षे जवळून पाहिले आहे आणि चूक मोजमापातच असावी असे मला मनापासून वाटते. पण दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे एकमेकांशी जुळत असताना ती दाखवून द्यायची कशी?

उत्तर : बुरेट

आपण दिलेल्या आकड्यांत एकही तापमान नाही, आणि माझ्या मते गुंता तिथूनच सुरू होतो. बिलावरची घनता १५ अंश सेल्सियसला आणलेली असते. पंपावर हायड्रोमीटरने घनता आणि थर्मामीटरने तापमान पाहून तक्त्यावरून ती काढतात. आपल्याकडे उन्हाळ्यात १५ अंशांचे डिझेल कुठल्याच नळीतून वाहत नाही. तापमान दर अंशाने वाढले की डिझेलची घनता सुमारे ०.०८३ टक्क्याने घटते. तेव्हा दोन्ही मीटरांजवळचे आणि सकाळी मोजणीच्या वेळचे टाकीतले तापमान कृपया कळवावे.

शीतगृहचालक

आज मोजले. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत ४० अंश, परतीच्या नळीत ६५ अंश, आणि सकाळी टाकीत ३० अंश.

उत्तर : बुरेट

मग हिशेब सरळ आहे. ८३२ पासून खाली येत गेल्यास डिझेलची घनता ३० अंशांना ०.८२२, ४० अंशांना ०.८१५ आणि ६५ अंशांना ०.७९८ किलो प्रति लिटर भरते. जाणारे १२० लिटर म्हणजे ९७.८ किलो, परतणारे ९४ लिटर म्हणजे ७५.० किलो. इंजिनात खरोखर जळले ते २२.८ किलो. हेच वस्तुमान टाकीच्या ३० अंशांवर लिटरमध्ये आणले, की २२.८ भागिले ०.८२२, म्हणजे ताशी २७.७ लिटर आणि ८ तासांचे २२२ लिटर होतात. आपली डिपस्टिक अगदी हेच सांगत आहे.

मीटर खोटे नाहीत. चूक आहे ती वजाबाकीत, कारण ४० अंशांच्या लिटरमधून ६५ अंशांचा लिटर वजा करता येत नाही. इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाला, लागते त्याच्या कितीतरी पट डिझेल फिरून, तापून आणि फुगून परत येते, आणि ते फुगलेले आकारमान वजा झाल्यामुळे वापर कमी दिसतो. दोन मोठ्या आकड्यांतला लहान फरक घेतला, की दोन टक्क्यांची घट अंतिम उत्तरात सात-आठ टक्के होऊन बसते. टाकी सकाळी थंड असताना मोजण्याची आपली पद्धत मात्र उत्तम आहे. संध्याकाळी मोजली असती तर उरलेले गरम डिझेल फुगून वापर आणखी कमी दिसला असता.

उत्तर : जनित्रशाळा

वरील हिशेब योग्य आहे, परंतु माहितीपत्रकाचा आकडा २१.२ किलो आणि प्रत्यक्ष जळलेले २२.८ किलो हा फरक त्याने सुटत नाही. माहितीपत्रकातले २१२ ग्रॅम हे इंजिनाच्या शाफ्टवरील (फिरणाऱ्या दांड्यावरील) प्रत्येक किलोवॅट-तासाला आहेत, तर पॅनेलवर दिसणारे १०० किलोवॅट अल्टरनेटरमधून, म्हणजे त्या शाफ्टच्या फिरण्यातून वीज तयार करणाऱ्या भागातून, बाहेर पडलेले आहेत. अल्टरनेटरची कार्यक्षमता ९३ टक्के धरली, तर शाफ्टवर १०७.५ किलोवॅट लागतात आणि त्यांचे २२.८ किलोच होतात. आपल्या अल्टरनेटरची नेमकी कार्यक्षमता त्याच्या चाचणी अहवालात पाहावी. म्हणजे माहितीपत्रकाचा हिशेब एका कारणाने कमी आला, मीटरचा दुसऱ्याच कारणाने कमी आला, आणि ते दोघे योगायोगाने शेजारी येऊन बसले. त्यांच्या जुळण्यावर विसंबून कोणाच्याही प्रामाणिकपणाविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल.

तरीही व्यवस्थापनापुढे केवळ कागदी हिशेब ठेवू नये. वजनकाट्यावर डिझेलचे पिंप ठेवावे, जाणारी आणि परतीची अशा दोन्ही नळ्या त्यातच सोडाव्यात, नळ्यांचा ताण काट्यावर येणार नाही याची काळजी घ्यावी, आणि स्थिर भारावर अर्धा तास जनरेटर चालवून पिंपाचे वजन किती घटले ते पाहावे. यात घनता आणि तापमान यांचा संबंधच उरत नाही. ११.४ किलोच्या आसपास घट आली, तर टाकीची नोंद खरी.

शीतगृहचालक

आज व्यवस्थापकांच्या समोर चाचणी घेतली. पॅनेलवर १०० किलोवॅट भार स्थिर होता, अर्ध्या तासात पिंप ११.५ किलोने हलके झाले. चाचणीचा कागद व्यवस्थापकांनी सही करून फाइलला लावला आणि ऑपरेटरला बोलावून त्याच्यासमोर संशय मागे घेतला. लॉगबुकमध्ये आता दोन्ही मीटरांच्या वाचनाशेजारी तापमानाचा रकाना आखला आहे, आणि दिवसाचा वापर आधी किलोमध्ये लिहून मगच ३० अंशांच्या लिटरमध्ये आणतो. आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार.