मोबाईलने आत, कार्डाने बाहेर, आणि 'भाडे चुकवले' म्हणून दंड. अपील कसं करू?

सांजवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागेल, पण पूर्ण वाचून सल्ला द्या. अपिलाला १४ दिवसांची मुदत आहे आणि त्यातले ५ गेलेत.

गेल्या मंगळवारी कामावरून परतताना नेहमीसारखा गेटवर मोबाईल टेकवून आत गेले. वेळ ६:२१. माझं बँकेचं कार्ड मोबाईलच्या वॉलेटमध्ये आहे आणि गेलं वर्षभर मी असाच प्रवास करतेय. गाडीत नवऱ्याशी बोलत असताना मध्येच फोन बंद पडला, बॅटरी संपली. मी उतरते त्या स्टेशनवर गेट नाहीत. फलाटाच्या टोकाला नुसते खांब आहेत, त्यांवर टेकवून बाहेर पडायचं. मी पर्समधून तेच कार्ड काढलं, म्हणजे मोबाईलमध्ये आहे तेच, त्याच खात्याचं, आणि खांबाला लावलं. हिरवा दिवा लागला, आवाज आला. मी निर्धास्त होऊन पायऱ्यांकडे वळले.

तिथे तपासनीस उभे होते. त्यांनी कार्ड मागितलं, मी दिलं. त्यांनी ते यंत्राला लावलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही तर आत्ताच या स्टेशनात आत शिरलात. मग तुम्ही आलात कुठून?" मला प्रश्नच कळेना. त्यांनी यंत्र माझ्याकडे वळवलं. तळहाताएवढा पडदा, कोपऱ्यात तडा गेलेला, आणि त्यावर एकच ओळ: प्रवेश, १८:५८. मी ज्याला बाहेर पडणं समजले, ते यंत्राने आत येणं म्हणून लिहून घेतलं होतं. मोबाईल दाखवावा तर तो काळाठिक्कर.

ते गृहस्थ उद्धट नव्हते, हे मुद्दाम सांगते. पण मागे लोक खोळंबले होते आणि त्यांनी पावती फाडली. मी सहीही केली. घरी येऊन दिव्याखाली ती पावती नीट वाचली तेव्हा पोटात गोळा आला. त्यावर चार चौकोन आहेत. 'तिकीट नाही', 'अपुरे तिकीट', 'चुकीचा वर्ग' आणि 'भाडे चुकवण्याच्या हेतूने प्रवास'. खूण चौथ्यावर आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुन्यांची नोंद करते. एकाच माणसाचं रक्त दोन नळ्यांत असेल आणि नळ्यांवर वेगळे क्रमांक पडले, तर मशीनच्या लेखी ती दोन माणसं असतात. मशीनचा दोष नसतो, पण म्हणून त्या माणसाने फसवलं असं आम्ही कधी लिहीत नाही. पैशांचं मला विशेष नाही. तो चौथा चौकोन माझ्या नावावर राहू नये एवढंच मला हवं आहे.

सही केली म्हणजे मी कबुली दिली असं होतं का? आणि आधी दंड भरून टाकावा की अपिलाचा निकाल येईपर्यंत थांबावं? घरातले म्हणतात भर आणि विसर.

---

शमी

ताई, आधी भरू नका. आधी पावतीच्या मागचा मजकूर वाचा. बऱ्याच ठिकाणी दंड भरला की प्रकरण मिटलं असं धरतात आणि मग अपील ऐकूनच घेत नाहीत. काही ठिकाणी मात्र अपील नोंदवलं की निकालापर्यंत भरण्याची मुदत थांबते. तुमच्याकडे यातलं काय आहे ते त्या पावतीवर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असणारच.

सहीचं म्हणाल तर सहीच्या रेघेवर काय छापलंय ते पाहा. 'प्रत मिळाली' असेल तर ती नुसती पोच आहे. 'वरील मजकूर मान्य' असेल तर अपिलात पहिल्यांदा त्याबद्दलच लिहा, की घाईत, न वाचता सही झाली.

---

तिसरा फलाट

मला आयुष्यात एकदाच असा दंड झाला. मी भरला आणि मोकळा झालो. खरं सांगतो, तुमचा धागा वाचून आता वाटतंय की माझ्या पावतीवर कशाला खूण होती ते मी पाहिलंच नव्हतं. तुमच्या घरच्यांचं म्हणणं मला पटतं, मनस्ताप वाचतो. पण तुम्हाला तो चौकोन बोचतोय ना, मग लढा.

---

दशांश

भाडेवसुलीच्या प्रणालींवर काम केलंय, म्हणून नेमकं काय झालं ते सांगतो. तुमचं नळ्यांचं उदाहरण अगदी बरोबर आहे.

बँकेचं कार्ड मोबाईलमध्ये टाकलं की मोबाईल कार्डावरचा क्रमांक वापरत नाही. त्याला एक वेगळाच क्रमांक मिळतो आणि गेटला तोच दिसतो. हे सुरक्षिततेसाठी आहे आणि चांगलंच आहे, गेटच्या यंत्राला तुमच्या कार्डाचा खरा क्रमांक कधी कळतच नाही. घड्याळात तेच कार्ड टाकलंत तर आणखी तिसरा क्रमांक. पैसे जातात एकाच खात्यातून, पण खांबाला हे सगळे वेगवेगळे प्रवासी वाटतात. लंडनमध्ये बसमध्ये २०१२ पासून आणि भुयारी रेल्वेत २०१४ पासून बँकेची कार्डं चालतात, आणि तिथेही प्रवाशांना हेच सांगतात की ज्या वस्तूने आत गेलात तिनेच बाहेर पडा. म्हणजे ही चूक जगभर होते.

गेट नसलेल्या स्टेशनवर तर ती कळायला मार्गच नसतो. खांबाला तुमची दिशा दिसत नाही. या क्रमांकाचा प्रवास चालू आहे का, एवढंच प्रणाली बघते. चालू असेल तर तो संपवते, नसेल तर नवा सुरू करते. हिरवा दिवा दोन्ही वेळा तोच.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. तुमच्या खात्यावर त्या दिवशीचे दोन अर्धवट प्रवास असतील. एक मोबाईलचा, ६:२१ ला सुरू होऊन न संपलेला. दुसरा कार्डाचा, ६:५८ ला सुरू होऊन न संपलेला. अर्धवट प्रवासाला बहुतेक प्रणाली जास्तीत जास्त भाडं लावतात. बँकेचं स्टेटमेंट काढा. तिथे दोन रकमा दिसल्या तर तुम्ही भाडं चुकवलेलं नाही, उलट देणं होतं त्यापेक्षा जास्त दिलंय.

मोबाईलच्या वॉलेटमध्ये त्या कार्डाचे तपशील उघडा. तिथे मोबाईलच्या वेगळ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सापडतील. ते अपिलात लिहाच. नाहीतर कचेरीतला माणूसही कार्डावरचे चार आकडे घालून शोधेल आणि 'प्रवेशाची नोंद नाही' असं उत्तर पाठवेल.

---

सांजवेळ

दशांश, हात जोडते. आत्ता पाहिलं. मोबाईलचे शेवटचे आकडे कार्डापेक्षा खरंच वेगळे आहेत, वर्षभरात कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि स्टेटमेंटवर बुधवारच्या तारखेला दोन रकमा आहेत, दोन्ही सारख्या, दोन्ही माझ्या रोजच्या भाड्याहून जास्त.

शमी, सहीवर 'प्रत मिळाली' असं आहे. जीव भांड्यात पडला.

---

जुना पंच

नऊ वर्षं तपासनीस म्हणून काढली आणि पुढे काही काळ अपिलं वाचायच्या टेबलावर होतो. सविस्तर लिहितो.

फलाटावरच्या माणसाला तुमच्या मनात काय होतं ते दिसत नाही. त्याच्यापुढे एक ओळ असते आणि मागे रांग असते. कार्ड बाहेर पडतानाच टेकवून सुटू पाहणारेही रोज भेटतात, त्यांची नोंद हुबेहूब तुमच्यासारखी दिसते. म्हणून त्याच्यावर राग धरू नका, आणि पत्रात तर त्याच्याबद्दल अवाक्षर काढू नका. तपासनिसावर आरोप असलेलं पत्र माझ्या टेबलावर आलं की ते आधी त्याच्या खुलाशासाठी जायचं, त्यात आठवडे जायचे, आणि मूळ मुद्दा बाजूला पडायचा.

अपील वाचणाऱ्यासमोर दोनच गोष्टी असतात, पावतीची दुसरी प्रत आणि तुमचं पत्र. पहिल्या तीन ओळींत काय घडलं ते कळलं पाहिजे. "मी प्रामाणिक नागरिक आहे" हे प्रत्येक पत्रात असायचं, त्याने काही ठरत नसे. ठरायचं ते वेळेवरून. तुमच्याकडे ६:२१ आहे, ६:५८ आहे. फोन किती वाजता बंद पडला? नवऱ्याच्या मोबाईलवर त्या कॉलची नोंद असेल, तिचा स्क्रीनशॉट घ्या. तो कॉल या दोन वेळांच्या मध्ये तुटला असेल तर गोष्ट आपोआप जुळते. शिवाय वर्षभराच्या प्रवासांचा तपशील त्यांच्याकडून मागवा. वर्षभर रोज आत-बाहेर दोन्ही नोंदी असलेला माणूस एका मंगळवारी भाडं चुकवायला निघाला, हे वाचणाऱ्याला पटत नाही.

पावतीच्या त्यांच्या प्रतीवर शेऱ्याची जागा असते. तिथे तपासनिसाने काय लिहिलंय त्याची नक्कल मागा. 'प्रवासी म्हणते फोन बंद' एवढं जरी असलं तरी ते सोन्यासारखं आहे, कारण ते तुम्ही घरी जाऊन रचलेलं नाही. कॅमेऱ्याचं चित्रण हवं असेल तर आजच लेखी मागा. ते कायम जपून ठेवत नाहीत, त्याच्यावरच पुढचं चित्रण होत जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'दंड माफ करावा' एवढंच मागू नका. आमच्याकडे अशा पत्रावर 'सद्भावनेने माफ' असा शेरा पडायचा. पैसे सुटायचे, पण कारणाची खूण तशीच राहायची. पुढे त्या माणसाला पुन्हा कधी दंड झाला की ती जुनी नोंद वर यायची. तुम्हाला खूण काढायची आहे, तर नेमकं तेच मागा: चौथ्या चौकोनातली नोंद चुकीची आहे, ती रद्द करावी आणि तसं लेखी कळवावं.

---

कलमबहाद्दर

जुना पंच यांना अनुमोदन. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. धागाकर्तीच्या गावचा नियम वेगळा असू शकेल, पण तत्त्व बहुतेक ठिकाणी सारखं आहे. योग्य तिकीट नसणं ही एक गोष्ट आणि चुकवण्याचा हेतू असणं ही दुसरी. पहिलीत मनात काय होतं हे कुणी विचारत नाही, तिकीट नव्हतं म्हणजे आकार लागला. दुसरीत हेतू दाखवावा लागतो, आणि तो दाखवायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची.

भारताच्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात हे दोन वेगळ्या कलमांत आहे. १३७ फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासाचं, १३८ योग्य पास किंवा तिकीट नसल्यास जादा आकाराचं. इंग्लंडच्या १८८९ च्या रेल्वे कायद्यातही भाडं न देण्याचा हेतू हा गुन्ह्याचाच भाग आहे.

म्हणून ताई, पत्रात 'माझ्याकडून चूक झालीच नाही' असं लिहू नका. एका वस्तूने आत आणि दुसरीने बाहेर ही चूक झाली, ती सरळ मान्य करा. हेतू होता हे मात्र ठामपणे नाकारा. दोन्ही एकत्र नाकारलंत तर खरं असलेलंही खोटं वाटतं.

आणि एवढ्या मोठ्या यंत्रणेपुढे आपलं काय चालणार असं मनात येत असेल तर हे वाचा. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडात रेल्वेभाड्याचे सुमारे ७४,००० खटले न्यायालयाने एका झटक्यात रद्दबातल ठरवले. ज्या झटपट पद्धतीने ते चालवले, ती त्या गुन्ह्यांना लागूच नव्हती. त्यातल्या बऱ्याच लोकांनी निमूट भरलं होतं.

---

सांजवेळ

रात्री बसून पत्र लिहिलं. नवऱ्याच्या फोनवर कॉल ६:४७ ला तुटलेला दिसतोय. मसुदा देते, बघा:

"महोदय, पावतीवरील नोंद 'भाडे चुकवण्याच्या हेतूने प्रवास' ही चुकीची असून ती रद्द करावी ही विनंती. मी ६:२१ वाजता मोबाईलने प्रवेश केला (मोबाईलमधील क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोबत). ६:४७ वाजता मोबाईल बंद पडला. ६:५८ वाजता मी त्याच खात्याचे कार्ड खांबाला लावून बाहेर पडले. मोबाईल व कार्ड यांचे क्रमांक वेगळे असल्याने आपल्या यंत्रणेत हा नवा प्रवेश नोंदला गेला. बाहेर पडताना वेगळी वस्तू वापरली ही माझी चूक मला मान्य आहे. भाडे चुकवण्याचा हेतू नव्हता. त्या दिवशीच्या प्रवासासाठी माझ्या खात्यातून दोन वेळा जास्तीत जास्त भाडे गेले आहे, विवरण सोबत जोडले आहे. तपासनिसांनी माझे म्हणणे नीट ऐकून घेतले नाही. कृपया माझ्या वर्षभराच्या प्रवासाच्या नोंदी तपासाव्यात, पावतीवरील शेऱ्याची नक्कल द्यावी आणि निर्णय लेखी कळवावा."

---

जुना पंच

उत्तम. एकच वाक्य काढा, तपासनिसांनी नीट ऐकून घेतलं नाही ते. बाकी जसंच्या तसं जाऊ द्या. आणि दोनपैकी एक जादा भाडं परत मागायचं असेल तर त्याचा अर्ज वेगळा करा, या पत्रात मिसळू नका.

---

दशांश

ज्यांचा फोन ऐन वेळी मान टाकतो त्यांच्यासाठी: काही फोनमध्ये प्रवासाचं कार्ड आधी निवडून ठेवलं तर बॅटरी संपून पडदा बंद झाल्यावरही थोडा वेळ ते चालतं. सेटिंगमध्ये पाहून ठेवा. तुमच्या फोनमध्ये ती सोय नसेल तर रोज आत-बाहेर कार्डच वापरलेलं बरं.

---

सांजवेळ

ते वाक्य काढलं. रागाच्या भरात घातलं होतं, आणि त्या माणसाने यंत्र स्वतःहून माझ्याकडे वळवलं होतं, म्हणजे ते खरंही नव्हतं.

पत्र आज दुपारी पाठवलं, सहाव्या दिवशी. पोच क्रमांक आलाय, आणि निकालापर्यंत दंड भरायची मुदत स्थगित असल्याचंही त्यातच लिहिलंय. शेऱ्याची नक्कल मिळाली की इथे कळवते.