सायप्रस: निर्वासितांच्या घरांवरील निकालांमुळे समेट जवळ आला की लांबला?

नीलिमा (प्रश्न):
१९७४ साली तुर्कीच्या सैन्याने सायप्रसचा उत्तर भाग ताब्यात घेतल्यावर दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेला आले आणि हजारो तुर्की सायप्रियट घरे सोडून उत्तरेला गेले. पुढे १९९६ मध्ये लोइझिडू खटल्यात स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने उत्तरेतील कीरेनिया येथील जमिनीची मालकी मूळ मालकिणीचीच असल्याचे सांगून तुर्कीला जबाबदार धरले. मला तो निकाल न्याय्य वाटतो. तरीही बेट दुभंगलेलेच आहे, म्हणून विचारते: अशा निकालांनी समेटाला मदत होते, की दोन्ही बाजू आपापले कागद अधिकच घट्ट धरून बसतात?

प्रभाकर:
नीलिमाताई, न्यायालयाने मालकी सांगितली, पण ताबा मिळवून देणे त्याच्या हाती नव्हते. १९९८ मध्ये ठरलेली भरपाई तुर्कीने २००३ च्या अखेरीस भरली, जमीन मात्र हाती आली नाही. २००४ च्या एप्रिलमध्ये बेट पुन्हा एकत्र आणण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेवर सार्वमत झाले, तेव्हा तीत बहुतेक मालकांना मालमत्तेचा काही हिस्साच परत मिळून उरलेल्याची भरपाई घ्यावी लागणार होती. मालकी तुमचीच, असे न्यायालयाने सांगितलेले असताना एवढ्यावर समाधान कोण मानेल? ७६ टक्के ग्रीक सायप्रियटांनी योजना नाकारली, ६५ टक्के तुर्की सायप्रियटांनी स्वीकारली. नकारामागे सुरक्षेची चिंताही होती, आणि ती लहान नव्हती.

पुढे न्यायालयानेच भूमिका बदलली. उत्तरेत २००५ च्या कायद्याने नेमलेला स्थावर मालमत्ता आयोग हा पुरेसा उपाय आहे, मालकांनी आधी तेथे जावे, आणि ३५ वर्षांनंतर प्रत्येक मालमत्ता परत करण्याचे बंधन सरसकट घालता येणार नाही, असे २०१० च्या डेमोपूलोस प्रकरणात ठरले. मला हा निर्णय अधिक प्रामाणिक वाटतो, कारण आज त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचाही त्यात विचार आहे.

वैशाली:
मी सहमत नाही. काळ लोटल्याने हक्क क्षीण होतो असे मानले, तर ताबा धरून बसलेल्याला आणखी थांबण्याचीच मुभा मिळते. उत्तरेतील लापिथोस येथे ग्रीक सायप्रियट मालकाच्या जमिनीवर घर बांधलेल्या ब्रिटिश दांपत्याविरुद्ध दक्षिणेतील सरकारच्या निकोसिया येथील न्यायालयाने दिलेला निकाल युरोपीय संघाच्या इतर देशांनीही मान्य करावा, असे संघाच्या न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले. अशा निकालांमुळे निदान उत्तरेतील जमीन विकत घेणारा चार वेळा विचार करतो. मात्र तुर्की सायप्रियटांच्या दक्षिणेत मागे राहिलेल्या मालमत्तांवरही १९९१ च्या कायद्यानुसार गृहमंत्री पालक आहेत आणि त्या मालकांनाही तोडग्याचीच वाट पाहावी लागते, हेही त्याच तराजूत ठेवायला हवे.

जयराम, उल्हासनगर:
आमचे आजोबा सिंधमधून कल्याणच्या छावणीत आले. आमच्याकडे हा प्रश्न १९५४ च्या विस्थापितांसाठीच्या कायद्याने सोडवला गेला: क्लेम तपासले गेले आणि पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तांसह एका सामायिक निधीतून भरपाई मिळाली. रक्कम तुटपुंजी होती, तरी परत जाण्याची वाट पाहणे संपले आणि लोक येथे रुजले. सायप्रसमध्ये तसे होणे अधिक अवघड आहे, असे मला वाटते. आजीने सिंधमधले आपले घर पुन्हा कधीच पाहिले नाही. सायप्रसमध्ये मात्र २००३ च्या एप्रिलमध्ये सीमारेषेवरची नाकी उघडल्यापासून माणूस स्वतःच्या जुन्या घरासमोर जाऊन उभा राहू शकतो, आत राहणाऱ्यांच्या हातचा चहा घेऊ शकतो, आणि संध्याकाळी पुन्हा दक्षिणेला परततो.