बिल्डिंगमधल्या मुलाला ब्लड कॅन्सर झालाय, गणपतीत कार्यक्रम ठेवावा का?

सिडकोकर
नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगमधल्या सहा वर्षांच्या मुलाला जूनमध्ये ब्लड कॅन्सर निघाला, तो ए एल एल म्हणतात तो. महिनाभर ताप यायचा जायचा, रात्री पाय दुखतात म्हणून रडायचा, सगळे म्हणायचे वाढीचं वय आहे, मग अंगावर निळे डाग दिसले तेव्हा कुठे सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, केली. आता मुंबईला टाटा हॉस्पिटलला ट्रीटमेंट चालू आहे, अधूनमधून घरी येतात. वडील इथे नाशकातच अंबडला कंपनीत, आईने नोकरी सोडली, धाकटी बहीण आजीकडे. यंदा गणपती सप्टेंबरात आणि सप्टेंबर म्हणजे लहान मुलांच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, सोनेरी रिबनवाला, तर मंडळाचं चाललंय की एक दिवस त्याच्या हस्ते आरती, स्टेजवर चेक, फ्लेक्सवर फोटो आणि रक्तदान शिबिर. हेतू चांगलाय पण मला खटकतंय, काय ते नीट सांगता येईना. रविवारी मीटिंग आहे, कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

लेकीची_आई
माझ्या मुलीची ट्रीटमेंट संपून चार वर्षं झाली, आता सातवीत आहे, भांडते मस्त. आधी स्टेजचं सांगते. किमोत काउंट, म्हणजे रक्तातल्या इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी, कमी झालेले असतात, तेव्हा गर्दी, गुलाल, हातोहात फिरणारा प्रसाद हे सगळं त्या मुलाला नकोच. काउंट कमी असताना साधा ताप आला तरी आम्ही रात्री दोनला रिक्षा शोधत दवाखाना गाठलाय, सकाळपर्यंत थांबायचं नसतं. आणि तुमच्याकडच्या कोणत्याही पोराला कांजण्या किंवा गोवर आला तर त्यांना लगेच फोन करा, लपवू नका, ही मदत चेकपेक्षा मोठी आहे खरंच सांगते.

फोटोचं म्हणाल तर आईबापाला आणि मुलाला विचारलंय का कोणी? आमच्या वेळी शाळेत पसरलं की हिच्याजवळ बसलं की होतो, वर्ग सुरू झाला तरी शेजारचा बाक रिकामा. कॅन्सर लागत नाही हो. आणि मॅगी खाल्ली, मोबाईल बघितला, गरोदरपणात आईने अमुक केलं, हे तर जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकीने ऐकवलं. मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं असं बोट दाखवता येईल असं कारण सापडतच नाही. पपईच्या पानांचा रस पण कोणी नेऊन देऊ नका.

अजून एक, ए एल एलची ट्रीटमेंट दोन अडीच वर्षं चालते. पहिले पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, सहा महिन्यांनी मेंटेनन्सच्या गोळ्या चालू असतात तेव्हा कोणी बेल वाजवत नाही. आणि ती धाकटी! माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता, त्याला वाटायचं आजारी पडलं की आई मिळते.

पंचवटी_पासहोल्डर
ताई पटलं, पण पैशाला एवढं नाक मुरडू नका, पैसे लागतातच. फक्त चेक स्टेजवर न देता अकाउंटला टाका. सरकारच्या महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण प्रवास, खोलीभाडं, बुडालेला पगार त्यात कुठून येणार. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घेतला का विचारा, पंचवटी एक्सप्रेसच्या एसी चेअरकारला पेशंट आणि सोबतचा एक, दोघांना ७५ टक्के सूट आहे. राहायची अडचण असेल तर बाहेरगावच्या मुलांसाठी मुंबईत सेंट ज्यूडची फुकट केंद्रं आहेत, २००६ पासून चालवतात, टाटातल्या सोशल वर्करला विचारायला सांगा.

लाल_पिशवी
रक्तपेढीत काम करतो म्हणून शिबिरावर बोलतो. गणपतीत एकाच दिवशी २०० बाटल्या येतात, चांगलंच आहे, पण या मुलांना बऱ्याचदा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) लागतात आणि त्या साधारण पाच दिवसच टिकतात. म्हणजे विसर्जनाआधीच तुमचं शिबिर संपलं समजा. त्यापेक्षा इच्छुकांची ब्लड ग्रुपसकट यादी करा, फोन आला की एकेकाने जायचं. मशीनवर एकाच दात्याच्या प्लेटलेट काढतात, बाकी रक्त परत अंगात जातं, तास दीड तास लागतो. अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर तीन दिवस चालत नाही, तेही यादीत विचारून ठेवा.

जागृती करायचीच तर फ्लेक्सवर त्या मुलाचा फोटो नको, लक्षणं लिहा मोठ्या अक्षरात. न जाणारा ताप, पांढराफटक चेहरा, निळे डाग, हाडं दुखणं, मानेत पोटात गाठ, सकाळी डोकेदुखी आणि उलटी, फोटोत डोळ्यात पांढरी चमक. बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी निघतं, पण दाखवायला काय जातंय. लवकर सापडून ट्रीटमेंट पूर्ण झाली तर यातली बरीच मुलं बरी होतात, हेही लिहा, नाहीतर लोक वाचून घाबरून पुढे जातात.

सिडकोकर
मीटिंग झाली. दोघं रुसले, म्हणे मग वर्गणीदारांना दाखवणार काय. पण फोटो कॅन्सल, लक्षणांचा फ्लेक्स मंडपाच्या दाराशीच लागतोय, यादीत अकरा नावं आली आणि पैसे अकाउंटला. मुलाच्या आईशी बोललो, ती म्हणाली आरती गॅलरीतून बघेल तो, फक्त स्पीकरचं तोंड दुसरीकडे करा. धाकटी उद्या आजीकडून येतेय, आमच्या हिने तिला मखराच्या कागदी फुलांच्या कामाला आधीच बुक केलंय.